मास्तरांनी दिलेली तारीख

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी कॅलेंडरकडं बघितलं आणि मग रडले. वाचणाऱ्याला हे निर्दयपणाचं वाटेल. पण गेले काही महिने आमच्या घरात कुणी नानांच्या तब्येतीची चौकशी केली, की बोलणं फिरून फिरून एका तारखेवरच यायचं. त्या तारखेबद्दल सांगितल्याशिवाय मला नानांबद्दल काही सांगता येणार नाही.

नाना माझे धाकटे चुलते. आमचं घर बोरीजवळच्या वस्तीवरचं, मेंढरं राखणारं. नानांची शाळा चौथीत संपली, मग ते मेंढरामागं आणि मेंढरं विकल्यावर नांदेडला एका सरदारजींच्या गोठ्यावर कामाला लागले. अडेल म्हैससुद्धा त्यांच्या हाताला दूध द्यायची. सरदारजींचा भाऊ इटलीत म्हशींच्या डेअरीवर होता. त्याच्या ओळखीनं नाना चाळिशीत विमानात बसले. "म्हशीच धुवायच्या तर इथं काय कमी हायत व्हय?" असं म्हणत काकू वस्तीवरच राहिल्या. दोन-तीन वर्षांतून एकदा नाना यायचे, आल्या आल्या घरातली प्रत्येक वस्तू जागेवरून हलवायचे, काकूंच्या शिव्या खायचे आणि त्या हसायला लागेपर्यंत जायची वेळ झालेली असायची. सोळा वर्षं अशी गेली. मूलबाळ झालं नाही. शेवटी तिकडच्या सुक्या चाऱ्याच्या धुरळ्यानं छाती धरली, तेव्हा कायमचे परत आले.

पेन्शनचं मीच काढलं. मी परभणीत एका पतसंस्थेत काम करते, त्यामुळं घरातले सगळे कागद माझ्या गळ्यात. नानांच्या पगारातून दर महिन्याला तिकडं कपात व्हायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. डेअरी बंद पडलेली, मालक वारलेला. सरदारजींच्या भावानं तिथल्या कार्यालयात खेटे घालून घालून नानांची नोंद शोधली. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मग त्यानं फोनवर नियम सांगितला. मायदेशी परतलेल्या अशा कामगाराला पेन्शन मिळते ती सदुसष्ट पूर्ण झाल्यावर. त्यानंतर तो गेला तर बायकोला तिचा वाटा हयातभर मिळतो. त्याआधी गेला, तर बायकोला काहीच नाही.

पासपोर्टावर नानांची जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचाच आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख लिहायचे. खरं तर नाना दिवाळीतले. मेंढरं परत आली त्या दिवाळीतले, असं आजी सांगायची. मास्तरांनी वर वयही दीड वर्षानं कमी लिहिलं होतं, पुढं पोराला सरकारी नोकरीत तेवढीच जास्त वर्षं मिळतील म्हणून. केवढी ती माया! नोकरी तर लागली नाहीच, आणि खरं वय सदुसष्ट कधीच उलटून गेलेला माणूस कागदावर अजून सहासष्टचा होता, सदुसष्ट पूर्ण होणार होता येत्या एक जूनला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उन्हाळा निघणं अवघड आहे.

मी जिंतूरला एका ओळखीच्या वकिलाकडं गेले. प्रतिज्ञापत्र करू, साक्षीदार उभे करू, वय दुरुस्त करून घेऊ, असं तो म्हणाला. मी हुरळून वस्तीवर गेले. नाना ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच भडकले.

"तिकडं सोळा वर्षं एक तारीख दाखवली. आता दुसरी दाखवली तर म्हणतील, ह्यो माणूसच खोटा. हाय तेबी जाईल." धाप लागली म्हणून थांबले. मग म्हणाले, "मंगल, मास्तरानं जल्माला घातलंय एक जूनला. आता मरायचं ते त्याच्या पुढंच."

ते हसले. मला हसू आलं नाही. काकूंच्या नावावर ना जमीन, ना पोरगं. उसाच्या फडावर जायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. नाना गेले तर त्या कुणाच्या दारात बसणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या दिवसापासून नानांनी बिडीला हात लावला नाही. नको नको म्हणत वरणात कुस्करलेली भाकरी गिळायचे. औषधाला पाच मिनिटं उशीर झाला तर काकूंवर ओरडायचे. आयुष्यात पहिल्यांदा ते शहाण्यासारखे वागत होते आणि ते बघून मला जास्तच भीती वाटायची.

मे महिन्याच्या शेवटी मी वस्तीवर असताना एका दुपारी वावधान सुटलं. वाऱ्यानं कुठंतरी तार तुटली, लाईट गेली आणि मशीन बंद पडलं. घरातल्या सिलिंडरवर मी नळी जोडली, पण तो संपत आलेला. दुसरा आणायला शेजारचे गणपतराव मोटारसायकलवर जिंतूरला गेले. नानांचे ओठ काळेनिळे पडायला लागले. प्रत्येक श्वासाला सगळं अंग वर उचलायचं... काकू पदरानं वारा घालत होत्या. एकाएकी पदर टाकून त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले.

"पुरं झालं आता. मला न्हाई पायजे ती पेन्शन. नका हाल करून घेऊ, जावा तुमी. मी बघीन माझं."

नानांनी मान हलवली. नाही. काकूंकडं बघत त्यांनी पुन्हा एकदा, अगदी हट्टी पोरासारखी, मान हलवली. गणपतराव सिलिंडर घेऊन येईपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

एक जूनला मी वस्तीवरच होते. पहाटे तीनला काकूंनी सांगितलं, "आज एक तारीख हाय बरं का." मला वाटलं, नाना आता सुटतील. त्यांनी डोळे उघडले आणि तुटक तुटक म्हणाले, "तिकडं अजून... कालच हाय." आपल्याकडं पहाटेचे तीन वाजतात तेव्हा इटलीत मध्यरात्रसुद्धा उलटलेली नसते, हे त्यांच्या बरोबर ध्यानात होतं. म्हणून ते उजाडेपर्यंत थांबले. पक्कं व्हावं म्हणून दिवसभर थांबले, दुसरा दिवसही थांबले. तीन जूनला मी कामावर परतले आणि सकाळीच फोन आला.

काकूंचा अर्ज तिकडं गेलाय. उत्तर यायचंय. मागच्या आठवड्यात एका कागदावर त्यांचा अंगठा घ्यायला गेले होते. मशीन ज्याचं त्याला परत गेलंय, पण नानांची खाट आतल्या खोलीत तशीच आहे, वरचं अंथरूणही तसंच. खोली अडते, खाट बाहेर काढू का, असं मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "लगीन झाल्याबरूबर हे मेंढरामागं गेले. मग नांदेडला गेले, मग इटालीला गेले. लय बारी म्हणले, थांबा म्हणून. कवा थांबले न्हाईत..." त्यांनी अंथरुणावरची सुरकुती हातानं सारखी केली. "ह्या खाटेवर जावा म्हणले, तर थांबले."