सीमंतिनीचे अनारसे आणि गल्लीकडचं दार

हे ऑनलाइन जाहिरातीचं प्रकरण सुरू झालं पुष्करमुळे, म्हणून माझा पहिला राग त्याच्यावर. पुष्कर म्हणजे सीमंतिनीचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. मुलगा वाईट नाही. आईनं या वयात एकटीनं तेलाची कढई उतरवावी हे त्याला बघवत नाही, एवढंच. गणपतीला आला तेव्हा सांगून गेला, "आई, आता सगळं ऑनलाइन चालतं. ह्या दिवाळीला ऑर्डरी नीट आल्या तर कर तुझं फराळाचं. नाही तर गाशा गुंडाळ आणि पुण्याला ये."

सीमंतिनी पुण्याला चार दिवस गेली तरी तिथून मला फोन करते आणि इथे ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात खसखस चांगली आलीय का ते विचारते. ती तिकडे कायमची कशी राहणार, आणि तिच्यावाचून मी इथे कशी?

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, जयेंद्रगंजात, बँकेतून निवृत्त होऊन. नवरा गेल्यावर तिनं फराळ करून द्यायला सुरुवात केली. चकली, कडबोळी आणि अनारसे. अनारसे तर असे की जाळी बघत बसावं. गिऱ्हाईक सगळं ग्वाल्हेरातलं मराठी. आणि इथेच एक गोम आहे. दिवाळीत आमच्यात घरोघर फराळाची ताटं जातात, वर क्रोशाचा रुमाल. देणारी म्हणते, "घरचंच आहे हो." घेणारी म्हणते, "तुमच्या हाताला काय चव आहे!" त्यातल्या निम्म्या ताटांतली चव सीमंतिनीच्या हाताची. ती फराळ पोचवायची गिऱ्हाइकाच्या मागच्या, गल्लीकडच्या दारानं, त्याच्याच डब्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मात्र उघड विकत घेते. माझी चकली तेलात विरघळते हे सगळ्या जयेंद्रगंजाला ठाऊक आहे.

पण घरोघरची मुलं बंगळूरला गेली, दुकानांत पाकिटं आली आणि ऑर्डरी आटत चालल्या. तेव्हा सीमंतिनीनं शहराच्या मुरार भागातल्या गरिमाला बोलावलं. ती दवाखान्यांच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती मोबाइलवर करते.

"काकू, टेन्शन नका घेऊ," गरिमा म्हणाली. "पहिले रील बनवू. फक्त हात आणि सोऱ्या. लोकांना हेच आवडतं."

रील खरंच आवडली. कानपूरपासून इंदूरपर्यंत लोकांनी पाहिली, हृदयं पाठवली, "दीदी, रेसिपी?" म्हणून विचारलं. ऑर्डर एक नाही. लोकांना चकली खायची नव्हती, पाहायची होती. मग पैसे भरून जाहिरात झाली. तिच्यामुळे फोन आले. एकानं वाढदिवसासाठी समोसे मागितले, दुसऱ्यानं लोकेशन मागून घेतलं आणि तो फिरकलाच नाही. सीमंतिनी दरवेळी पदराला हात पुसत फोन घ्यायची आणि ठेवताना माझ्याकडे बघून हसायची. ते हसू मला बघवत नसे.

"अनजान लोकांच्या मागे नको लागू या," गरिमा शेवटी म्हणाली. "तुमचे जुने कस्टमर आहेत ना, त्यांचाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवू. सगळे एक जागी दिसले की भरोसा बनतो."

हे सीमंतिनीला पटलं. ओळखीच्या बायका, आपली भाषा. ग्रुप झाला आणि गरिमा घरी गेली. सीमंतिनीला टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती ओट्याशी उभी राहून बोलून निरोप पाठवू लागली. तिची समजूत अशी की नाव घेऊन बोललं की निरोप त्या बाईलाच जातो.

"शांताताई, गेल्या वर्षीसारखेच अनारसे करते. तुमच्या पितळी डब्यात भरून गल्लीच्या दारानं आणीन. सूनबाईंना कळणार नाही, काळजी नको."

"अश्लेषा, सासूबाईंना तू केलीस असंच सांगणार ना? मग कडबोळी जरा वाकडी वळू का? म्हणजे खरी वाटतील."

असं एकेकीशी प्रेमानं बोलून झालं आणि ती चहा प्यायला वर माझ्याकडे आली. तोवर सगळ्या जणींनी सगळं ऐकलं होतं. ग्रुपमधून एकेक नाव गळायला लागलं. अश्लेषाचा फोन आला तो कानापासून लांब धरावा लागेल असा. गरिमा धावत आली, निरोप पुसले, पण ऐकलेलं कसं पुसणार?

सीमंतिनी माझ्या खुर्चीत बसून राहिली. "शरयू, मी त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणली ग," एवढंच म्हणत होती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते, म्हणून मी गरिमाशी भांडले.

मग सीमंतिनीनं फोन मागितला आणि उरल्यासुरल्या ग्रुपवर बोलली. "सगळ्यांनी मला माफ करा. आजवर तुमचं नाव मी कुणापाशी काढलं नव्हतं. फराळ माझ्याकडून घेऊ नका, चालेल. पण ह्यावरून एकमेकींना ताटं पाठवणं बंद करू नका." त्यानंतर तिनं पुष्करला कळवलं, तिकीट काढ.

ग्रुपमध्ये शांताताई अजून होत्या. बाहेर कसं पडायचं ते त्यांना येत नसेल, असं मला वाटलं. मुरारच्या शांताताई, फौजेतून निवृत्त झालेल्या जयसिंहरावांच्या पत्नी. आमच्या मंडळात त्यांच्या अनारशांचा दाखला देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला.

"मी शांता बोलते. सगळ्या ऐकून घ्या. माझे हात थरथरायला लागले तेव्हापासून आमच्या घरचे अनारसे सीमंतिनीचे आहेत. तुम्ही तारीफ करायच्या आणि मी खाली मान घालून ऐकायची. आता थकले मी. ह्या वर्षी ताटाबरोबर तिचं नाव सांगणार आहे, ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. सीमंतिनी, अनारसे दुप्पट कर. आणि डबा पुढच्या दारानं आण."

ग्वाल्हेरात निरोप पोचायला ग्रुप लागत नाही. संध्याकाळपर्यंत गळालेली नावं परत यायला लागली. अश्लेषानं लिहिलं, कडबोळी सरळच वळा. पुष्करनं तिकिटाचं विचारलं तेव्हा सीमंतिनी म्हणाली, "काढ, पण तुझं काढ. भाऊबीजेला ये, तोवर मला वेळ नाही."

वसुबारसेला आम्ही दोघी ई-रिक्षानं मुरारला गेलो, मांडीवर पितळी डबा घेऊन. सवयीनं ती गल्लीकडे वळली. मी तिला दंडाला धरून परत आणलं. दार जयसिंहरावांनी उघडलं. शांताताईंनी तिला सोफ्यावर बसवलं, कुंकू लावलं आणि आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "ह्या सीमंतिनी. अनारसे ह्यांचे."

सीमंतिनी मान वर करून खोली बघत होती. भिंतीवरची तलवार, पडदे, नातवाचा फोटो. इतकी वर्षं ती ह्या घरी येत होती, आणि त्यांची बैठकीची खोली तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.