मेणमामांची पाचवी जागा

दात बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात सगळे त्यांना मेणमामा म्हणत. दवाखान्यातून पेशंटच्या जबड्याचा साचा आला की मामा आधी मेणाचा दात कोरायचे, आणि तो मनासारखा उतरला की मगच खरा घडवायचे. हात असा की दातावरची बारीक रेघसुद्धा सुटायची नाही. पण एकतिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, आवाज मात्र कधी उगाच चढायचा, कधी घशातच राहायचा. पुढे ते समोरच्याचे ओठ वाचायला शिकले. घरी बायकोशी आणि लेकीशी तेवढ्यावर भागायचं. कारखान्यात भुकटी उडते म्हणून प्रत्येकाच्या तोंडाला पट्टी. तिथे ओठ दिसणार कुठून?

तिथे त्यांचे कान म्हणजे ताई. ताई वरच्या मजल्यावर फोन घ्यायच्या, डॉक्टरांचे निरोप चिठ्ठीवर उतरवायच्या आणि जिना उतरून मामांच्या टेबलावर ठेवायच्या. अकरा वर्षं हा क्रम चालला. 'रंग थोडा फिका.' 'चावताना उंच लागतो.' डॉक्टर पाच मिनिटं बोलले तरी मामांपर्यंत चार शब्द पोचायचे. त्यात ताईंची चूक नव्हती, एका वेळी तीन फोन वाजत असायचे. सोमवारच्या बैठकीत मामा कोपऱ्यात बसत. सगळे हसले की क्षणभर थांबून तेही हसत. कशाला, ते त्यांना ठाऊक नसे.

एका सकाळी मालकांना मेल आला. दूरदूरच्या लोकांना एकत्र बोलता यावं, एकाच चित्रावर सगळ्यांना खुणा करता याव्यात, असं काहीतरी नवं ऑनलाइन साधन निघालं होतं. मालकांनी कधीतरी अर्ज भरला होता आणि विसरून गेले होते. सर्वांसाठी खुलं व्हायच्या आधी वापरून बघायला त्यांना पाच जागा मिळाल्या. अट एकच, काय बिघडतंय ते कळवत राहायचं.

"मी, ताई, संगणकावरचा डिझायनर आणि आपल्या डॉक्टरीणबाई," मालकांनी बोटांवर मोजलं. "पाचवी जागा कुणाला?"

"मेणमामांना," ताई म्हणाल्या.

"अहो, ऑनलाइन बोलायचंय. त्यांना ऐकू कुठे येतं?"

"म्हणूनच. बोललेलं खाली लिहून येतं म्हणे त्यात. मी रजा घेतली की त्यांचे कानही रजेवर जातात, साहेब."

पाचवी जागा मामांची झाली.

पहिल्याच बैठकीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरची दाढ फार लागते." पडद्यावर अक्षरं उमटली, 'वरची दाढी फार लागते.' मामा खदखदून हसले. बाकीचे बघतच राहिले. मग मालकांनी खाली वाचलं आणि तेही हसले. पंचवीस वर्षांत मामा पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी हसले होते.

साधन कच्चंच होतं. मध्येच बंद पडायचं, खुणा केलेलं चित्र गायब व्हायचं. इतर वैतागले, पण मामांनी एक वही केली आणि चुकलेला प्रत्येक शब्द तारखेनिशी लिहून शनिवारी बनवणाऱ्यांना पाठवू लागले. लेक म्हणाली, "बाबा, फुकटची हमाली कशाला?" मामा म्हणाले, "अगं, पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलंय, नीट ऐकू येतंय का म्हणून."

अशात एक काम दुसऱ्यांदा परत आलं. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या एका बाई अपघातात पुढचे चार दात गमावून बसल्या होत्या. मामांनी दोनदा दात केले, दोन्ही वेळा निरोप तोच, 'आकार बरोबर नाही, पुन्हा करा.' मामा चक्रावले. जुन्या फोटोशी ताडून बघितलं तर आकारात तसूभर फरक नव्हता. आता मधे कुणी नको म्हणून त्यांनी थेट डॉक्टरीणबाईंना लिहिलं, "पेशंट नेमकं काय म्हणतात? शक्य असेल तर त्यांनाच समोर बसवा. मी तात्पुरते दात पाठवतो."

तीन दिवसांनी खुर्चीत बसलेल्या त्या बाई पडद्यावर दिसल्या. तोंड उतरलेलं. "दिशायला छान आहेत हो," खाली अक्षरं आली, "पण माझं बोलणं गेलं. लोक हशतात."

मामा पुढे झुकले. डॉक्टरीणबाई सांगू लागल्या की उच्चार जरा बिघडलाय. मामांनी हाताने थांबवलं. "तुम्ही रोज काय घोषणा करता ते म्हणा बरं."

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. पडद्यावर आलं, 'शहा वाजून शात मिनिटांनी शुटणारी गाडी.'

कच्च्या साधनाचा हा एक गुण होता. ते अंदाज बांधत नव्हतं, कानावर पडेल ते लिहीत होतं. मामांना आवाजाची गरजच उरली नाही. दोष अक्षरांतच दिसत होता. 'स' म्हणताना वारा दातांमागून जातो आणि मामांनी मजबुतीसाठी दात मागून जाड ठेवले होते. बाहेरचा आकार अगदी बरोबर, चूक आतल्या बाजूला, फोटोत न दिसणारी.

मामांनी दातांच्या मागच्या बाजूचा फोटो पडद्यावर टाकून त्यावर लाल रेघ ओढली. ती तिकडे दवाखान्यात लगेच दिसली. "इथून घासा. थोडंसंच."

डॉक्टरीणबाईंनी घासलं. 'शहा वाजून सात मिनिटांनी शुटणारी.'

"एक आलं!" मामा ओरडले, इतक्या जोरात की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. "अजून केसभर. डावीकडून."

'सहा वाजून सात मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.'

खुर्चीतल्या बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा, सगळ्या गाड्या म्हणून टाकल्या. मामा वाचत राहिले. शेवटी बाई थेट त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "कधी स्थानकावर या, माझी घोषणा ऐका." मामा म्हणाले, "वाचली की मी. उत्तम आहे."

पुढच्या महिन्यात साधन सुधारलं. आता ते चुकलेले शब्द आपणहून दुरुस्त करू लागलं. सगळे खूश झाले, मामा सोडून. त्यांनी शनिवारच्या पत्रात लिहिलं, "तुम्ही चुका झाकायला लागलात. मला माणूस खरं कसं बोलतो ते दिसायला हवं. दोन्ही सोयी ठेवा." उत्तर येईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. सहा आठवड्यांनी आलं. साधन सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा त्यात एक जादा कळ होती, 'ऐकलं तसं लिहा.' मामांनी बायकोला बोलावून दोनदा दाखवली. ती म्हणाली, "बघितली हो. जेवायला चला."

ताईंचं जिना उतरणं मात्र थांबलं. निरोप न्यायचे उरलेच नव्हते. मामांच्या ते उशिरा ध्यानात आलं. एका दुपारी ते स्वतःच वर गेले. ताईंनी नुकताच फोन ठेवला होता.

"माझ्यावर रागावलात?"

ताईंनी पट्टी खाली केली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "राग कसला? मीच तर जागा दिली तुम्हाला. पण चार वाजले की पाय आपोआप जिन्याकडे वळतात."

"मग या की खाली. निरोप नसला तरी या."

आणि त्या येऊ लागल्या. चार वाजता पंधरा मिनिटं. अकरा वर्षांत दोघं दाताखेरीज एक शब्द बोलले नव्हते. ताईंचे यजमान सतार शिकायला लागलेत, वयाच्या साठाव्या वर्षी, आणि भयंकर वाजवतात, हे मामांना तेव्हा कळलं.

"तुम्ही सुखी आहात हो," ताई म्हणाल्या. "घरी येऊन बसा, तुम्हाला काही त्रास नाही."

मामा इतके हसले की हातातला मेणाचा दात खाली पडला.