किल्लीवाल्यांचं इंटरनेट गेलं तेव्हा

किल्लीवाल्यांच्या खोलीत संध्याकाळी दोन उजेड असत. एक टेबलावरच्या दिव्याचा, किल्ल्या घासायला. दुसरा कॉम्प्युटरचा, आणि त्यात ताई बसलेल्या.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. राहायला लांब, गाडीत रात्र काढावी लागेल इतकी लांब. भावासारखीच एकटी. दोघांनी बसून ठरवलं असं काही नव्हतं, पण सवय पडून गेली होती. दिवे लागले की व्हिडिओ कॉल लावायचा आणि जेवायची वेळ होईपर्यंत तसाच चालू ठेवायचा. बोलण्यासारखं असलं तर बोलायचं, आणि बहुतेक वेळा तसं काही नसेच. इकडे हे किल्ली पकडीत धरून कानशीने घासत, तिकडे त्या वाटाणे सोलत नाहीतर स्वेटरची बाही विणत. मध्येच कुणीतरी मान वर करायचं.

"आहेस ना?"

"आहे."

एवढ्यावर दोघांची संध्याकाळ निभावायची. ज्यांच्या घरात माणसं असतात त्यांना यातलं सुख कळायचं नाही. त्यांचा जीव माणसांनी आधीच मेटाकुटीला आलेला असतो.

ताईंना ऐकू येत नसे. कानात घालायचं मशीन आणलं होतं, पण ते घातलं की डोक्यात कुणी भांडी घासतंय असं वाटतं म्हणाल्या, आणि डबीत ठेवून दिलं. त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. फोनवरची बारीक अक्षरं मोतीबिंदूतून दिसत नसत. भावाचे ओठ मात्र त्या मोठ्या पडद्यावर सरळ वाचत. दुसऱ्या कुणाचे त्यांना जमत नसत. पोटच्या मुलाचेही नाहीत, कारण तो भरभर बोलायचा आणि निम्मं मिशीतच ठेवायचा.

हाच मुलगा म्हणजे किल्लीवाल्यांचा भाचा. कॉम्प्युटरच्या कामातला. मामाच्या जुन्या खोक्याला दुसरं काही झेपेना, तेव्हा त्याने त्यात लिनक्स ही हलकी सिस्टीम घातली, मागच्या बाजूला वायफायची बोटाएवढी कांडी खोचली आणि "आता बिनघोर वापरा" म्हणून निघून गेला. भला माणूस. आईने एकटं राहू नये, आपल्याकडे यावं म्हणून किती दिवस मागे लागला होता.

तर एका संध्याकाळी ताईंनी विणायच्या सुया खाली ठेवल्या.

"धाकट्या, इकडे बघ. एक विचारायचंय."

किल्लीवाल्यांनी वर बघितलं.

"तो रविवारी मला न्यायला येतो म्हणतोय. मी त्याच्याकडे जाऊ, का तुझ्याकडे येऊ?"

"माझ्याकडे?"

"तुझ्याकडे. त्यांचं घर भरलेलं आहे. सगळे बोलत असतात, हसत असतात, आणि मी मध्ये बसून कोण हसलं ते शोधत असते." त्यांनी बाहीचा गुंता सोडवल्यासारखं केलं. "आत्ता सांगू नकोस. तुला कढी ढवळायलासुद्धा विचार करायला लागतो. उद्या सांग. नाही म्हणालास तरी माझं तोंड फुगायचं नाही."

कॉल बंद झाल्यावर किल्लीवाले खोलीकडे बघत बसले. खोली एकच. कोपऱ्यात ओटा, मध्ये टेबल, भिंतीला खाट. लग्न जमता जमता राहून गेलेलं, त्यामुळे आपला चहाचा कप कुठे ठेवावा हे आजवर कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बहिणीवर माया होती, पण ती पडद्यात असलेली माया. खोलीत आलेल्या मायेला खाट लागते, गादी लागते, आंघोळीला आडोसा लागतो. हो म्हणायला छाती होईना आणि नाही म्हणायला जीभ रेटेना.

कॉम्प्युटर बंद करायला गेले, तर कोपऱ्यात रोजची पाटी वर आलेली: नवीन आवृत्ती तयार आहे, अपग्रेड करायचं का. कितीतरी दिवस बिचारी विचारत होती आणि हे रोज तिला "नंतर" म्हणून परत पाठवत होते. त्या संध्याकाळी कुणाला तरी हो म्हणायचंच होतं, ते त्यांनी कॉम्प्युटरला म्हणून टाकलं.

बराच वेळ पट्टी सरकत राहिली. शेवटी आणखी एक प्रश्न आला. यापुढे लागणार नाही असं जुनं सामान काढून टाकायचं का? इथे मात्र त्यांना विचार करावा लागला नाही. नवीन कुलूप बसलं की जुनी किल्ली घरात ठेवायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. जुनी किल्ली राहिली की नेमकी घाईच्या वेळी तीच हाताला लागते. गिऱ्हाइकाने ठेवून घेतो म्हटलं तरी हे ती त्याच्यादेखत वाकडी करून भंगारात टाकत. हो, काढ सगळं, म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला, रंग नवे, अक्षरं नवी, पण वायफायचं ते पंख्यासारखं चिन्हच गायब. कॉल लावायला गेले तर इंटरनेट नाही म्हणे. मागे वाकून बघितलं तर कांडीचा निळा दिवा विझलेला. काढली, पुसली, फुंकर मारली, परत खोचली. दुसऱ्या भोकात घालून बघितली. कांडी ढिम्म.

त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मामा, अपग्रेड केलंत का?"

"ते विचारत होतं, म्हणून केलं."

"तरीच. त्या कांडीचा ड्रायव्हर मी हाताने बसवला होता. ड्रायव्हर म्हणजे कांडीशी बोलणारा दुभाष्या समजा. तो जुन्या कर्नलला धरून होता. आता कर्नल, म्हणजे आतला मुख्य भाग, तो नवा आला आणि या दुभाष्याला तो ओळखत नाही. काही बिघडत नाही. बंद करून चालू करा, सुरुवातीला यादी येईल, त्यात जुना कर्नल निवडा. तो नेहमी मागे ठेवलेला असतो."

किल्लीवाल्यांनी बंद केलं, चालू केलं. यादीत एकच नाव होतं.

"जुना नाहीये रे."

"असं कसं? तो आपोआप जात नाही. मुद्दाम काढावा लागतो."

किल्लीवाल्यांनी ते एकच नाव पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, "जुनं काढू का विचारत होतं."

पलीकडे भाच्याने श्वास सोडलेला ऐकू आला. "मामा, ते कुलूप नव्हतं हो."

"आता कळलं."

"मग आता तारेने इंटरनेट द्यावं लागेल, तारेला कांडी लागत नाही. राऊटर खाली मालकीणबाईंकडे आहे ना? खोकं त्यांच्याकडे न्या. पण आज नको, मी कामात अडकलोय. उद्या दुपारी फोनवर बसून करू. मग लगेच मला निघायचंय आईला आणायला." मग त्याला आठवलं. "तिला काही निरोप आहे का? भेटणारच आहे मी."

किल्लीवाल्यांच्या तोंडाशी शब्द आला होता. पण मुलाच्या हाती आईला काय निरोप द्यायचा? की त्याच्याबरोबर जाऊ नकोस म्हणून?

"काही नाही. मीच बोलेन तिच्याशी."

"बरं. तिची खोली रंगवून घेतली, मामा. पिवळी. तिला आवडतो ना पिवळा?"

"आवडेल," किल्लीवाले म्हणाले.

फोन ठेवून ते कानस घेऊन बसले. किल्ली घासता घासता सवयीने मान वर गेली आणि काळ्या काचेत आपलंच तोंड दिसलं, दिव्याने एका बाजूने पिवळं झालेलं. "आहेस ना?" असं तोंडातून निघूनही गेलं. पुन्हा मान खाली घातली तर कानशीचा आवाज नको इतका मोठा वाटायला लागला. एरवीही ताईंचा आवाज कुठे यायचा? त्याही गप्पच असायच्या. पण समोर कुणी गप्प बसणं आणि समोर कुणी नसणं यात केवढा फरक आहे, तो किल्लीवाल्यांना त्या संध्याकाळी पुरता समजला. त्यांनी दोनदा उठून पाणी प्यायलं. तिसऱ्यांदा उठले आणि ओट्याशी नुसतेच उभे राहिले. ताईंना काय उत्तर द्यायचं ते त्यांना आता माहीत होतं, आणि द्यायची सोय तेवढी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खोकं पोटाशी धरून, गुडघा सांभाळत जिना उतरले. परत जाऊन पडदा आणि कॅमेरा आणला. मालकीणबाई दारातच होत्या.

"किल्लीवाले, खोली सोडून निघालात की काय? निदान सांगायचं तरी."

"मी नाही, हा निघालाय. याला तुमच्या राऊटरची तार लावायचीय."

"येऊ दे की. त्याला स्टूल देते, तुम्हाला खुर्ची. वर्षात पहिल्यांदा आत येताय, तेही त्याला सोडायला."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, पण बंद केला नाही. फोन मांडीवर ठेवून भाचा सांगेल तसं किल्लीवाले पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर शोधून दाबू लागले.

"एंटर मारा. काय म्हणतंय?"

"पासवर्ड मागतंय. पण मी लिहितोय तर काहीच उमटत नाही."

"उमटत नाही, पण पोचतं. लिहीत राहा."

"दिसत नाही पण पोचतं?" मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं नेमकं उलटं होतं. समोर दिसायचे, पण पोचायचं काही नाही."

काळ्या खिडकीत ओळींवर ओळी पळू लागल्या. तारेतून इंटरनेट आलं होतं आणि कांडीचा दुभाष्या नव्याने घडत होता. आता याला लागेल तेवढा वेळ लागू द्या, मध्ये काही दाबू नका, जुनं काढू का विचारलं तर नाही म्हणा, असं बजावून भाच्याने फोन ठेवला. त्याला निघायचं होतं.

आणि तेवढ्यात कॉलची घंटा वाजली. इंटरनेट आल्याबरोबर पलीकडे किल्लीवाल्यांच्या नावापुढचा दिवा लागला असावा. ताई पडद्यासमोरच असणार.

चित्र आलं. ताईंच्या मागची भिंत उघडी होती. खालच्या बाजूला बांधलेल्या पिशव्या.

"कुठे होतास?"

"कॉम्प्युटर बिघडला. मीच बिघडवला."

ताईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. "मला वाटलं, तू उत्तर दिलंस."

"नव्हतं दिलं. आता देतो."

मालकीणबाईंनी टीव्ही बंद केला. त्या आत गेल्या आणि जाताना दार लोटून घेतलं.

"ये, ताई. माझ्याकडे ये."

"परत म्हण."

"माझ्याकडे ये."

"पहिल्यांदाच वाचलं होतं. नुसतं पुन्हा बघायचं होतं." ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि परत घातला. "खोली एकच आहे तुझी."

"पुरेल."

"तू घोरतोस."

"तुला कुठे ऐकू येतं?"

ताई हसल्या. पूर्वीसारख्या, खांदे हलवत. मग हसू उतरलं.

"काल रात्री मी शेजारणीला त्याला फोन लावायला सांगितला, धाकट्या. म्हटलं, सांग त्याला, येते मी. तुझा पडदा संध्याकाळभर काळा, मी काय समजायचं? शेजारीण म्हणाली, ऐकून त्याने दोनदा खरंच का विचारलं, एवढा आनंद झाला त्याला. माझी खोली रंगवलीय म्हणे."

"पिवळी."

"पिवळी? मला पिवळा कधी आवडला?"

"तुला हिरवा आवडतो."

"बघ. तुला माहीत आहे." त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "आता मी त्याला नाही म्हणू का? तू सांग. तू सांगशील ते करते."

किल्लीवाल्यांनी पडद्याकडे बघितलं. भाचा एव्हाना गाडीत बसला असेल. खिडकीशी जागा मिळाली असेल तर आनंदाने बाहेर बघत असेल. या वेळी त्यांनी उद्यावर ढकललं नाही.

"नको," ते म्हणाले. ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाले. "त्याला नाही म्हणू नकोस."

ताईंनी मान हलवली. त्यांनाही तेच वाटत असावं, पण ते दुसऱ्या कुणी म्हणायला हवं होतं.

"कॉम्प्युटर नेणार आहेस ना?"

"नेतेय. हॉलमध्ये ठेवू म्हणतात, सगळ्यांना सोयीचा."

हॉलमध्ये म्हणजे काय ते दोघांना समजलं. तिथे संध्याकाळभर कॉल कुणी चालू ठेवू देणार नाही. तिथे टीव्ही असेल, मुलांचा अभ्यास असेल, आणि यांचं गप्प बसणं कुणाच्या तरी मध्ये येईल.

मग दोघं बसून राहिली. ताई चादरींच्या घड्या घालत होत्या. किल्लीवाल्यांकडे कानस नव्हती, किल्ली नव्हती, परक्या घरात हात कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं. ते मांडीवर ठेवून बसले. आतून मालकीणबाईंनी चहाचा कप दाराच्या फटीतून आत सरकवला आणि पुन्हा दार लोटलं.

"आहेस ना?" चादरीतून मान वर करून ताईंनी विचारलं.

"आहे."

शेवटी त्या म्हणाल्या, "आता हा कॉम्प्युटर सोडवून ठेवायला हवा. तो आल्यावर घाई करेल." वाकल्या. त्यांचा पंजा पडद्यावर मोठा मोठा होत आला आणि चित्र गेलं.

संध्याकाळी किल्लीवाल्यांनी खोकं वर आणलं. कांडीचा निळा दिवा लागला, कोपऱ्यातलं पंख्याचं चिन्ह पूर्ण भरलं. सगळं अगदी ठीक चालत होतं. नावांच्या यादीत ताईंचं नाव विझून राखाडी झालं होतं.

ते किल्ल्या घ्यायला बसले, पण घेतल्या नाहीत. उठून टेबल ओट्याकडे सरकवलं. खाट ओढून खिडकीच्या भिंतीला लावली. मग कपाटावरची जास्तीची गादी काढून समोरच्या भिंतीशी अंथरली आणि मध्ये उभे राहून दोन्हीकडे बघितलं. खाट आणि गादीच्या मधून इकडून तिकडे एकदा चालून बघितलं.

जागा होती. माणसाला अंग चोरावं लागत नव्हतं.

गादी त्यांनी गुंडाळून परत वर ठेवली. टेबल मात्र ओट्याशीच राहू दिलं आणि तिथेच, भिंतीकडे तोंड करून, किल्ल्या घासायला बसले.