वाफेच्या फोटोसाठी लौ मास्तरांचा पाय

रंगमंचावर मी चाळीस वर्षं राजपुत्र झाले. चीनमधल्या आमच्या शाओशिंगच्या संगीत नाटकात पुरुषांची कामंही बायकाच करतात. तेव्हा संतापाचा अभिनय पुष्कळ केला. खरा संताप आला सत्तरीत, दवाखान्यातल्या एका लाकडी बादलीपाशी.

पायांत रक्त नीट फिरेना म्हणून मी तिथे रोज काढ्याच्या कोमट पाण्यात पाय बुडवायला जायची. शेजारच्या खुर्चीत आमच्याच मंडळीतले नगारेवाले लौ मास्तर असत. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झालेले. आमच्या गावाची समजूत एकच: घाम फुटेस्तोवर कढत पाण्यात पाय घालून बसावं, तरच गुण येतो. तसं घरी करून मास्तरांनी उजव्या पायाची दोन बोटं गमावली होती.

नर्स रुआन त्सुईफेन वैद्यांचाच काढा वापरी: करडईची फुलं, दालचिनीच्या काड्या, सुंठ. पण पाणी अडतीस अंशांवरच. आधी थर्मामीटर, मग स्वतःचं कोपर. नंतर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायची आणि पावलावरची नाडी बघायची.

"अगं, ह्यात तान्हं पोरसुद्धा झोपेल!" मास्तर कुरकुरायचे.

"मास्तर, कढत कसं असतं ते उजव्या पायाला विचारा."

एके दिवशी माहितीपत्रकाचा फोटो काढायला प्रमुख डॉक्टर आले.

"वाफ कुठंय? धुणं भिजवल्यासारखं दिसतंय. ती किटली ओत."

"साहेब, ह्यांचे पाय आत आहेत."

"त्यांना कुठं कळतंय?"

कुठं कळतंय! हा माणूस डॉक्टर! आणि आमचे मास्तर म्हणतात, "ओत गं पोरी, साहेब खोळंबलेत."

त्सुईफेन खाली बसली. मास्तरांचे पाय उचलून तिने टॉवेलात गुंडाळले, मांडीवर घेतले आणि मगच किटली रिकामी केली.

"घ्या वाफ, साहेब. आता तुमचे पाय घाला."

मला राहवलं नाही. "आम्हीही रंगमंचावर खोटे ढग सोडले," मी ओरडले, तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाणाऱ्या आवाजात, "पण कुणाचं कातडं नाही सोललं!"

आठवड्यात त्सुईफेनला नंबर पुकारायच्या खिडकीत बसवलं. ते हात नंबरांच्या चिठ्ठ्या फाडायला!

नवी नर्स किटली घेऊन आली की मास्तर पाय वर घेतात. "आधी थर्मामीटर!" डाव्या पायाची पाचही बोटं शाबूत आहेत. आणि मी रोज त्या खिडकीसमोर, सगळी रांग खोळंबवून, राजपुत्राचा पुरा मुजरा करते. प्रमुख डॉक्टर जाता-येता बघतात. बघू देत.