आधी दार, मग चहा

आमच्या मरोळच्या बिल्डिंगमधले नाना कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. आत येऊन दार लावायचे, त्याला खांदा लावून दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आधी दार बघूया, मगे चाय."

त्याला कारण होतं. एका गणपतीत नाना-नानी गावी गेले असताना चोरांनी त्यांचं घर फोडलं. कुलूप शाबूत होतं. बारक्या स्क्रूंवर तगलेली कडीच चौकटीतून उपटून आली होती. दागिन्यांचं दुःख नानींनी गिळलं, पण परका माणूस घरभर फिरून गेला या विचाराने त्यांची झोप उडाली. मग नानांनी दाराला आतून वर आणि खाली जाड बोल्ट बसवले, चौकटीतून भिंतीपर्यंत जाणारे लांब स्क्रू मारले. नानी झोपायला लागल्या.

आयुष्यभर ऑफिसात फायली हलवलेल्या माणसाच्या हातात तेव्हा ड्रिल आलं ते आलंच. "टीव्ही येवढो मोठो घेतलंस, आणि कडी ही?" असं मला ऐकवून त्यांनी माझंही दार पक्कं केलं.

तळमजल्यावर, माझ्या समोरच, सुनीता राहायला आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, सोबत लहानगी चिनू. नानांनी काही विचारलं नाही. दोन बोल्ट बसवले, बाहेर कोण आलंय ते बघायला दारात चिनूच्या उंचीला पुरेल असं दुसरं भोक पाडून त्यात भिंग बसवलं.

एका रविवारी दुपारी तिचा नवरा पिऊन आला. लाथांनी लॅच तुटलं, दार हललं नाही. मी पोलिसांना फोन करेपर्यंत नाना खाली आले, स्टूल टाकून दारासमोर बसले.

"म्हाताऱ्या, बाजूला हो!"

"दार मी बसयलंय. ता तुटाचा नाय. तू दमशीत."

तो शिव्या देत राहिला, पण नाना हलले नाहीत. पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा कुठे ते दाराशी वाकून म्हणाले, "उघड गो बाय, मी आसय."

त्यानंतर बेल वाजली की चिनू पलंगाखाली जायची. नाना रोज संध्याकाळी येऊन टकटक करायचे. "आधी भिंगातसून बघ. कोण हा?" आतून आवाज नसायचा. ते मुकाट वर जायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, कशाला रोज त्रास घेता?"

"दार लावूक सगळ्यांका शिकयलंय," ते म्हणाले. "उघडूक कोण शिकवतलो?"

कितीतरी दिवसांनी खालचा बोल्ट सरकल्याचा आवाज आला. मग वरचा, बहुतेक खुर्चीवर चढून. दार बोटभर उघडलं आणि आतून चिनूने विचारलं, "आज उशीर का केला?"

नानी गेल्यावर नाना कायमचे गावी निघाले. रिक्षात बसत होते, तेवढ्यात चिनू अनवाणी धावत आली. मागे तिच्या घराचं दार सताड उघडं. आता ते तिला ओरडणार, असं मला वाटलं. नानांनी त्या दाराकडे पाहिलं, चिनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येतंय हां मी."

रिक्षा गेटाबाहेर गेली, तरी ती तिथेच उभी होती. दार लावून घे, असं तिला कुणीच म्हटलं नाही.