अप्पा ड्रायव्हर आणि चार चाकांची शेपटी

दुसऱ्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष, पौष महिना, बाजाराचा दिवस. जागा उमरग्याचा आमचा लॉरीअड्डा. हजर: मालक, तरुण ड्रायव्हर बाबूमियाँ, हिशेबनीस म्हणून मी, आणि अप्पा. अप्पा ट्रेलरखाली उताणे पडून त्याला वंगण लावत होते आणि त्यालाच शिव्या देत होते. शिव्या कानडीत, वंगण भरपूर.

आमच्या सडकेवरचे ड्रायव्हर ट्रेलरला ‘शेपटी’ म्हणत. दोन चाकांची शेपटी कुणीही ओढी. आमची चार चाकांची. तिचा पुढचा आसही फिरता. पुढं जाताना गरीब गाय. मागं घेताना मात्र लॉरी एकीकडं, जोडणीचा दांडा दुसरीकडं आणि शेपटी तिसरीकडं. ती वाट्याला आली की ड्रायव्हरचं तोंड पडे, आणि दुसऱ्याच्या वाट्याला गेली तरी पडे. कारण सडकेवरच्या हॉटेलात पहिला चहा शेपटीवाल्याच्या पुढ्यात येई.

अप्पांचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकच. “मालक, ह्या बयेनं माझी मान वाकडी केली. मला साधी लॉरी द्या, पाया पडतो.”

त्या दिवशी मालकांनी ते खरं मानलं. “बरं अप्पा. उद्यापासून शेपटी बाबूमियाँकडं.”

अप्पा ट्रेलरखालून बाहेर आले. “लई उपकार झाले,” म्हणाले, आणि भाकरी न खाताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोकळी लॉरी अड्ड्यात मागं घेतली. असली शेपटी जोडलेली असली की मागं जाताना हातातलं चाक सारखं उलटसुलट फिरवावं लागतं. हातांना सवय तीच. लॉरी भलतीकडं वळली आणि मालकांच्या कडब्याच्या गंजीत निम्मी शिरली.

“अप्पा, लॉरीला कडबा चारताय काय?” बाबूमियाँ हसला. आम्हीही हसलो. अप्पा मात्र बराच वेळ खाली उतरले नाहीत. शेपटी गेली, आणि साध्या लॉरीवरही आता आपला हात बसत नाही, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती.

मग लोहाऱ्याहून निरोप आला. जिनिंगचा बॉयलर घेऊन गेलेला बाबूमियाँ वेशीत अडकला होता. शेपटी आडवी, दोन्हीकडं बैलगाड्यांची रांग. मी अप्पांना घेऊन गेलो. त्यांना पाहताच बाबूमियाँनं खाली उडी मारली. “नक्को बाबा! तुमच्या बायकोची सवत हाय ही, तुमीच सांभाळा.”

अप्पा वर चढले. मान बाहेर काढून त्यांनी तोंड सोडलं, आणि शेपटी मुकाट सरळ मागं गेली. गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या.

परतल्यावर ते मालकांना म्हणाले, “पोरगं गुणाचं हाय, पर तिला शिव्या देत न्हाय. शिवी दिल्याबिगर ती मागं सरत न्हाय. ऱ्हाऊ द्या माझ्याकडंच.”

“आणि तुमची मान?”

“झाली ती झाली वाकडी. आता सरळ करून कुणाला दाखवू?”

निजामी गेली त्यानंतर अप्पा लेकीकडं आळंदला राहायला गेले. निघाले त्या दिवशी ट्रेलर भरलेला होता, म्हणून शेडबाहेर उभा राहिला. गाडीत बसता बसता त्यांनी मला बजावलं, “माल उतरला की तिला शेडात घाला. उन्हानं फळ्या तडकतील. आन् बैल जुंपू नका, लॉरीनंच मागं घ्या.”

माल कधीच उतरला. बाबूमियाँनं दोनदा प्रयत्न केला. शेडचा खांब वाकला. खांब मी बदलून घेतला. ट्रेलर अजून उन्हात आहे.