नारळाचा एक्स-रे

घाटकोपरच्या राजाराम घाडीगावकरला हजारो माणसं ठाऊक होती, आणि त्यांतल्या एकाचंही तोंड त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. आता हे कसं काय, ते आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं थाप वाटेल.

दवाखान्यात एक्स-रे काढणारी जी माणसं असतात ना, त्यांच्या छातीवर एक चपटा बॅज असतो. बॅजच्या आत काळ्या कागदात गुंडाळलेली दोन बोटांएवढी फिल्म, आणि फिल्मवर तांब्याच्या, शिशाच्या बारीक पट्ट्या. माणसाच्या अंगावर जेवढे किरण पडतात तेवढेच त्या फिल्मवर पडतात. महिना संपला की ती फिल्म देवनारच्या पुढे खाडीच्या अंगाला असलेल्या एका सरकारी प्रयोगशाळेत यायची आणि डार्करूममध्ये राजारामच्या हाती पडायची. फिल्म धुतल्यावर स्वच्छ निघाली तर माणूस सुखरूप, काळी निघाली तर किरण जास्त लागले. काळेपणा मोजायचा, वहीत लिहायचा, झालं.

त्या फिल्मवर सायीसारखा एक थर असतो. चांदीचं मीठ आणि हाडांपासून केलेला सरस. राजारामचे साहेब विद्याधर देवस्थळी त्याला इमल्शन म्हणत, राजाराम साय म्हणे. कणकवलीकडच्या गावच्या शाळेत अकरावीपर्यंत शिकलेला माणूस तो. त्याला या सायीचं फार अप्रूप. ह्याच सायीवर घाटकोपरच्या स्टुडिओत नवरानवरी हसतात, ह्याच सायीवर माणसाच्या बरगड्या उमटतात. आणि प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीत तिची जाड वडी करून काचेवर थापलेली असायची, आभाळातून येणारे कण धरायला. एकदा तिथल्या बाईंनी राजारामला सूक्ष्मदर्शकातून बघायला दिलं. सायीत मुंगीने पावलं टाकीत जावं तशी ठिपक्यांची एक ओळ. "ही कुठून आली?" त्याने विचारलं. "सूर्याच्याही पलीकडून असेल," बाई म्हणाल्या. संध्याकाळी राजाराम घरी गेला तो हसतच. बायकोने विचारलं तर म्हणाला, "पाहुणा बघितला आज."

डार्करूममध्ये लाल दिवा, तोही राखेखालच्या निखाऱ्याएवढा. फिल्मा चिमट्यांना लावून औषधाच्या पाण्यात सोडायच्या आणि पाच मिनिटं थांबायचं. घंटा वाजवणारं घड्याळ होतं, पण राजारामला त्याची गरज नसे. तो मनातल्या मनात गावच्या एस.टी. थांब्यावर उतरे. पाणंद, मग व्हाळाच्या पाण्यावरचा लाकडी साकव, फणसाखालची विहीर, दगडी गडग्याची फट. आणि अंगणात पाऊल पडलं की बरोबर पाच मिनिटं झालेली असत. दिवसाला बारा-पंधरा वेळा तो असा घरी जाऊन यायचा. कोणत्या चाकरमान्याला असं जमतं?

आणि फिल्मा वर आल्या की माणसं दिसायला लागत. एका कंपाउंडरने बॅज शर्टासकट धोब्याकडे दिला. फिल्म आली ती साय धुऊन गेलेली, नुसतं प्लास्टिक. कचेरीने खुलासा मागितला तर उत्तर आलं, "आमच्याकडे कपडे स्वच्छच धुतात." एका डॉक्टरांनी बॅज मोटारीच्या काचेपुढे उन्हात ठेवला, त्यांच्या फिल्मवर वैशाखातलं धुकं. एक जण बॅज उलटा लावायचा, तेही राजारामला कळे.

यांत मुलुंडचा नंबर चारशे सोळा म्हणजे त्याचा लाडका. अकरा वर्षं दर महिन्याला फिल्म स्वच्छ. शिशाच्या पडद्याआड उभं राहिल्याशिवाय बटण न दाबणारं माणूस. कागदावर नाव होतं व. स. पाटणकर. राजारामने मनाशी ठरवून टाकलं होतं, किडकिडीत बाई असणार, अंबाडा घट्ट, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. फिल्म वर आली की तो म्हणायचा, "बऱ्या आहात ना बाई?" आणि पुढच्या चिमट्याकडे वळायचा.

पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात चारशे सोळाची फिल्म वर आली ती काळीकुट्ट.

राजारामने ती उजेडात नेली. देवस्थळीसाहेबांनी चष्मा कपाळावर सारला. "कुणाची रे ही?"

"चारशे सोळा, साहेब. मुलुंड."

"तुझ्या बाईंची? अरे अरे. खुलासा मागवावा लागणार."

खुलासा मागवला. बाईंचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. बॅज नेहमी छातीवर असतो, वेगळं काही घडलेलं नाही. सोबत इस्पितळाच्या मालक-डॉक्टरांचं पत्र. चौकशी चालू असेपर्यंत पाटणकरबाईंना एक्स-रेच्या खोलीतून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आहे, आणि एक जानेवारीपासून त्यांच्या जागी दुसरा माणूस घेत आहोत.

म्हणजे अकरा वर्षांचं काम एका फिल्मने गेलं. राजारामला जेवण जाईना.

तो भिंग घेऊन बसला. बॅज अंगावर असला की माणूस हलतो, वळतो, वाकतो, म्हणून आतल्या पट्ट्यांची सावली कडेला मऊ पडते. इथे कडा सुरीने कापल्यासारख्या. "साहेब, हा बॅज अंगावर नव्हताच. एका जागी ठेवलेला होता, आणि एकाच दणक्यात काळा झालाय."

"मलाही दिसतंय ते. पण बाई स्वतः लिहितात की छातीवर होता. मी कागदावर काय लिहू? राजारामला असं वाटतं?"

"आणि हे कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात एक फिकट आकार होता. अर्धवटच. वरून कमानदार, आणि कमानीच्या टोकाशी टाचणीएवढं भोक. साहेबांनी बघितलं. "चावीबिवी असेल."

चावी नव्हती. पण काय ते राजारामला आठवेना. स्वप्नातला माणूस ओळखीचा वाटावा आणि नाव सुचू नये तसं झालं. त्याने पातळ कागदावर तो आकार गिरवून घेतला आणि खिशात घालून आठवडाभर फिरला.

देवदिवाळी आली. त्याची बायको सुलक्षणा देव घासायला बसली होती. चिंच, राख, ताटात देवांची ओली रांग. तिने देवीचा चांदीचा टाक उजेडात धरला, घासलेला नीट निघाला का ते बघायला. वरून कमानदार. टोकाशी भोक.

राजारामने कागद काढून टाकावर ठेवला. "गो, हा बघ!"

"अहो, हात धुवा आधी! देव आहेत ते!"

टाक प्रत्येक घरचा वेगळा, पण घडण तीच. राजारामला हसूही येईना आणि बसवेनाही. देवीचा टाक एक्स-रेच्या बॅजवर कधी बसला असेल? देव देव्हाऱ्यातून उठून दवाखान्यात कधी जातात? आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. दसरा! दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते!

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून तो मुलुंडला गेला. नोंदणीच्या खिडकीत एक ऐसपैस, गोऱ्यापान बाई जाड भिंगांचा चष्मा लावून बसल्या होत्या. केस मोकळे, तोंडात वेलदोडा.

"नाव? वय? काय होतंय?"

"पाटणकरबाई कुठे भेटतील?"

"मीच वसुधा पाटणकर. काय होतंय?"

राजाराम बघतच राहिला. अकरा वर्षं मनात बाळगलेली किडकिडीत बाई एका क्षणात विरघळून गेली. "मला काही होत नाही," तो म्हणाला. "मी तुमची फिल्म धुतो. चारशे सोळा."

बाईंचा वेलदोडा चावायचा थांबला. "तुम्ही? मग तुम्हीच सांगा हो, काय केलं मी? अकरा वर्षांत एकदा पडद्याबाहेर पाऊल टाकलं नाही. हा नवीन माणूस आला तर मी जन्मभर इथे नावं लिहीत बसणार. हाडं बघायची सवय हो मला, तोंडं कसली बघू?"

"दसऱ्याला मशीनची पूजा केली होती?"

"दरवर्षी करतो. हार, हळदकुंकू, आणि मुहूर्ताचा एक एक्स-रे."

"मुहूर्ताला कोणाचा काढता?"

"नारळाचा," बाई म्हणाल्या, आणि एवढ्या दुःखातही त्यांना हसू फुटलं. "पेशंटचा मुहूर्त कसा करणार? केळीच्या पानावर नारळ, सुपारी, फुलं, खाली फिल्म. मी पडद्यामागून बटण दाबते. पानाची मांडामांड आमची जानकी करते."

"ती फिल्म कुठे आहे?"

"मी धुतली आणि टांगली, तेवढ्यात एक आजोबा पाय मोडून आले. मग बघायचीच राहिली. जानकी म्हणाली, मी नेऊ घरी? म्हटलं ने."

पलीकडे बादली घेऊन उभी असलेली म्हातारी आया, तीच जानकी, हे ऐकून जागच्या जागी थिजली होती. नेसण्यावरून ती आपल्याकडची हे ओळखून राजारामने तिच्याकडे वळून गावच्या बोलीत विचारलं, "गो आवशी, देवीचो टाक तुझोच मा?"

जानकीच्या डोळ्यांना धार लागली.

तिची खोली डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत, इस्पितळापासून हाकेवर. तिघं तिथे गेली तेव्हा दुपार कलली होती. खोलीला एकच खिडकी, पश्चिमेकडची, आणि तिच्या काचेवर ती फिल्म चिकटवलेली. बाहेरचं ऊन तिच्यातून आत येत होतं. सगळं आभाळ निळंकाळं, आणि त्यात नारळ पुनवेच्या चंद्रासारखा तेजाळलेला. पोटात हवेचा एक काळसर बुडबुडा, सशासारखा. भोवती झेंडूची फुलं धुराच्या वळ्यांसारखी. सुपारी म्हणजे एक लहान तारा. राजारामला वाटलं, आपण डार्करूममधल्या त्या रोजच्या वाटेवर आहोत आणि आज पहिल्यांदा तिथे चांदणं पडलंय.

मग त्याची नजर चंद्राच्या डाव्या बाजूला गेली. फुलांच्या धुरात एक चौकोन होता, चौकोनात पट्ट्या. आणि चौकोनाच्या कोपऱ्यावर अर्धी चढून बसलेली एक पांढरी शुभ्र कमान. त्याने खिशातला कागद काढून वर धरला. सावली सावलीत बसली.

"माझा बॅज!" वसुधाबाईंनी चौकोनावर बोट ठेवलं. "जानके! अगं हा बॅज तिथे कसा गं?"

"तुमी न्हाणीत हात धुवूक गेल्यात, तेवा खुंटीवरसून मीच काढलंय," जानकी पदराने डोळे पुशीत म्हणाली. "म्हटलंय, बाईंचा सगळा काम ह्या बिल्ल्यावर. मशिनीक फुला, आणि बिल्ल्याक कायच नाय? म्हणान देवीच्या पायाकडे ठेवलंय, फुलांखाली. पूजेच्या गडबडीत तुमीय तो लावूक इसारल्यात. मागसून पुसान परत खुंटयेक लावलंय."

"मग सांगायचंस ना! माझी नोकरी चाललीय महिनाभर!"

"तुमी माका इचारल्यात खंय? माका काय म्हायत, नारळाचो फोटो काढल्यार बिल्लो काळो होता म्हणान?"

वसुधाबाईंनी जानकीला जवळ ओढून घेतलं आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. राजाराम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

देवस्थळीसाहेबांनी दोन्ही फिल्मा दिव्याच्या काचेवर शेजारी ठेवल्या. छोटीवर टाकाचा अर्धा तुकडा, मोठीवर अख्खा. त्यांनी पट्टीने मापं घेतली, भोकापासून कमानीपर्यंत, पुन्हा एकदा घेतली. मग चष्मा काढून पुसत बसले.

"देवी कोणती रे?"

"भगवती, साहेब."

"मी आयुष्यात साक्षीदार खूप तपासले," साहेब म्हणाले, "पण देवी पहिल्यांदाच." आणि त्यांनी अहवालात लिहिलं की बॅज कर्मचाऱ्याच्या अंगावर नव्हता, टेबलावर नारळाशेजारी ठेवलेला होता, सबब ही नोंद बाईंच्या नावावर धरू नये. 'नारळ' हा शब्द टाईप करताना टायपिस्टने दोनदा येऊन विचारलं म्हणतात. डिसेंबर संपायच्या आत वसुधाबाई पुन्हा पडद्यामागे उभ्या राहिल्या.

पण नारळाची फिल्म अहवालाबरोबर फायलीत बांधली जायची होती, आणि सरकारी फायलीतून कागद परत मिळतो का? जानकीची खिडकी उघडी पडली. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणून तर राजारामच्या जिवाला लागलं. फाईल बांधायच्या आधी त्याने साहेबांना विचारून नवी फिल्म घेतली, जुनीवर चिकटवून उजेड दाखवला, आणि नक्कल धुऊन मोठ्या दिमाखात मुलुंडला नेली.

जानकीने ती काचेवर धरली. आभाळ पांढरं, नारळ काळा.

"ह्यो माजो न्हय," ती म्हणाली. "ह्यो बाजारातलो."

राजाराम ओशाळला. नकलेत पांढऱ्याचं काळं होतं, हे त्याच्यासारख्या माणसाने विसरावं! त्याने त्या नकलेची पुन्हा नक्कल केली, तेव्हा काळ्याचं पांढरं झालं. पुढच्या रविवारी तिघांनी मिळून ती काचेवर लावली. ऊन आलं, चंद्र उगवला, फुलं धुरासारखी वर गेली. जानकीने आधी देवीच्या सावलीला हात जोडले, मग नाक काचेला टेकवून चौकोन शोधला.

"बाईंचो बिल्लो पण इलो गो! ऱ्हवांदे तेका थंयच. तेका पण जरा उजेड मिळांदे."

"नको गं बाई!" वसुधाबाई ओरडल्या. "उजेड मिळाला म्हणूनच तर वाट लागली होती माझी!"